चेहरा थोडा हसरा

चार तारखा झाल्या. चार वेळा मी कर्वेनगरातून दोन बस बदलून गेले, जिने चढले, लाकडी बाकावर बसून पाय सुजवून घेतले, आणि तुझं तोंड खरं कसं होतं हे मला अजून एकाही माणसाला पटवून देता आलेलं नाही. चूक तुझी आहे. अख्ख्या जन्मात एक फोटो काढलास, त्याची एकच प्रत, आणि तोही दुसऱ्याच्या मर्जीनं. शेजारच्या बाईंच्या आईचे अल्बमच्या अल्बम आहेत. लग्नातले, बारशातले, महाबळेश्वरला घोड्यावर बसलेले. तुझा एक, तळहाताएवढा, कडा झुरळांनी कुरतडलेल्या. एकच असला की तो गेल्यावर माणसानं काय दाखवायचं? तिथं बसलेले साहेबही मला तेच विचारतात, फक्त जरा सभ्यपणे. "आजी, पुरावा काय?"

आई, मी लिहितेय. तिसरीपर्यंत शाळा झाली ती तुझ्याच हट्टानं, म्हणून एवढं तरी लिहिता येतंय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे चुका काढायला कोणी नाही, ते एक बरं. कागद कोर्टाचा आहे. तक्रारीची एक प्रत जास्त निघाली, तिच्या कोऱ्या पाठीवर लिहितेय. कोर्ट म्हणजे तुझ्या वेळचं शिवाजीनगरचं मोठं कोर्ट नव्हे. याला ग्राहक मंच म्हणतात. पैसे देऊन घेतलेली वस्तू किंवा करून घेतलेलं काम बिघडलं तर तिथं तक्रार करायची. वकील लागत नाही म्हणाले. वकील लागत नाही म्हणजे सगळं आपल्यालाच करावं लागतं, हे कोणी म्हणालं नाही.

झालं असं. तुझ्या नातवाला, म्हणजे माझ्या मुलाला, कंपनीनं गोड बोलून, हातात एक पाकीट देऊन पन्नाशीच्या आत घरी बसवलं. आता घर त्याच्या मुलीच्या पगारावर चालतं. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. नक्की काय करते ते मी तीनदा विचारलं आणि तीनदा मला कळलं नाही, आता विचारणं सोडलंय. तिनं कर्ज काढून कर्वेनगरात फ्लॅट घेतला. चौथा मजला, लिफ्ट आहे, बंद असते. वास्तुशांत ठरली तेव्हा मुलगा म्हणाला, हॉलमध्ये बाबांचा फोटो मोठा करून लावू. म्हटलं, त्यांचा लावताय तर माझ्या आईचाही लावा, तिनं तुला आठ वर्षांचा होईपर्यंत अंगाखांद्यावर वागवलंय. तो हो म्हणाला. जरा उशिरा म्हणाला, पण म्हणाला.

नाक्यावर पूर्वी पिठाची गिरणी होती तिथं आता फोटोचं दुकान झालंय, कॉम्प्युटरवालं. मी स्वतः चालत गेले. काउंटरवर बसलेल्या माणसानं तुझा फोटो दोन बोटांत धरला आणि उजेडाकडे करून बघितला. म्हणाला, "आजी, चेहऱ्यावर स्पॉट आहेत. काढू?" म्हटलं, "ते देवीचे व्रण आहेत. ते काढायला देव आला नाही, तू कशाला काढतोस?" "आणि हे कपाळावर?" "गोंदण. भुवयांच्या मध्ये एक टिंब आणि हनुवटीवर एक. मोठा कर. बाकी हात लावू नकोस." तो "ओके" म्हणाला. त्यांचं ओके म्हणजे ऐकलं, केलं असं नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं. पावती दिली. पावतीवर लिहिलं, मोठा करणे. मी ती वाचून घेतली, एकेक अक्षर, मगच निघाले.

वास्तुशांतीच्या सकाळी मुलगा दोन फ्रेमा घेऊन आला आणि भिंतीवर लावून मोकळा झाला. मी आत पुरणाकडे होते. बाहेर आले तर आमच्या यांच्या फोटोशेजारी एक बाई हसत असलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र, असलं तू सराफाच्या पेढीवर टांगलेलंसुद्धा पाहिलं नसशील. गाल घासलेल्या ताटासारखे गुळगुळीत. गोंदण दोन्ही ठिकाणचं गेलं. माझे वडील गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. तेव्हा बायकांनी तुझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, पण गोंदणाला कोणाला हात लावता आला नव्हता. तू म्हणायचीस, एवढं एक माझं राहिलंय. ते दुकानवाल्यांनी कॉम्प्युटरवर काढलं. पाहुणे येत होते, आधी यांना नमस्कार, मग तुला. नातीच्या ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "सो स्वीट. आजी, अगदी तुमच्यासारख्याच दिसतात!" मी म्हटलं, "मी कधी अशी दिसले ते मला सांग, मी तिथं परत जाते." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मुलाला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, हे काय? तो म्हणाला, "दुकानात केलं असेल आई. मला फ्रेम बांधूनच मिळाली." मूळ फोटो कुठाय? "दुकानात असेल." आणि गुरुजींना दक्षिणा द्यायची म्हणून निघून गेला.

तो फोटो मला का हवा हे मी त्या मंचात सांगायला गेले, पण त्यांनी थांबवलं. म्हणाले, तक्रारीशी संबंधित तेवढंच. म्हणून इथं सांगते. तुला माहीत आहे, पण आता मला कोणाला तरी सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीच विसरेन. तू नाना पेठेत भुसाराच्या गोदामात धान्य निवडायला जायचीस. वीसेक बायका ओळीनं बसलेल्या, मांडीवर सूप, सगळ्यांचे केस भुशानं पांढरे. माझी शाळा थांबल्यापासून मी तुझ्यापाशी येऊन बसायची. एक दिवस तांदळाची पोती कमी भरली. शेठनं फौजदाराला बोलावलं. शेठच्या जावयानं नवा कॅमेरा आणलेला, त्याला हौस. ठरलं, निवडणाऱ्या सगळ्या बायकांचे फोटो काढायचे आणि चोरीचा माल घेणाऱ्यांना दाखवायचे. गोदामाच्या दारासमोर एकेकीला उभं केलं. काहीजणी रडल्या. एकीनं पदर तोंडावर घेतला, तो जावयानं काढायला लावला. तुझी पाळी आली तेव्हा तू सूप खाली ठेवलंस, पदर खांद्यावरून नीट घेतलास आणि त्या काचेच्या डोळ्यात असं बघितलंस की जावई म्हणाला, "जरा नरम बघा हो बाई." तू म्हणालीस, "चोर नरम बघतो. मी कशाला बघू?" मी बारा वर्षांची होते. मला तुझी लाज वाटली, ते मला आठवतं. वाटलं होतं, हिनं रडायला पाहिजे, सगळ्या रडतायत तर.

पोती कमी करणारा निघाला शेठच्या पेढीवरचाच मापाडी, धान्य मापणारा. ते कळलं तेव्हा कोणी कोणाची माफी मागितली नाही, निवडणं पुढं चालू झालं. तू मात्र पेढीच्या पायरीवर जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, शेठ, माझं तोंड तुमच्या दप्तरात ठेवायचं नाही. शेठनं वैतागून फोटो काढून दिला. मागं कारकुनानं लिहिलेलं, निवडणारी, सात नंबर. घरी आल्यावर मी म्हटलं, फाडून टाक तो. तू माझ्या पाठीत एक रट्टा घातलास. "फाडायचा कशाला? मी काय खोटं तोंड केलंय?" आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवून दिलास. तो फोटो तो आहे. रागानं बघणारी बाई. ती हसायला लागली की ती मग कोण?

तर दुकानात गेले. या वेळी मालक होता, तिशीचा, गळ्यात मोबाइल अडकवलेला. काउंटरवाला ऑपरेटर नोकरी सोडून हैदराबादला गेला म्हणाला. वही बघून म्हणाला, "ओरिजिनल दिलेला दिसतोय." कोणाला? "तुम्हालाच दिला असेल ना आजी." मी म्हटलं, माझ्या हातात आला नाही. तो म्हणाला, "आजी, इतका छान करून दिलाय. लोक जास्तीचे चार्जेस देऊन करून घेतात." मी म्हटलं, लोकांच्या आया मेल्या असतील, माझी हरवलीये. तो थोडा चिडला. गिऱ्हाईकं उभी होती. म्हणाला, "मग काय करणार आहात? कोर्टात जाणार?" आता असं कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, जाणार.

कसं जायचं हे मला काही माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या पलीकडे वाचनालय आहे, तिथं मंगळवारी एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात आणि लोकांच्या तक्रारी फुकट लिहून देतात. फुकट आहे म्हणून बोलणंही तसंच. मी गोदामापासून सुरुवात केली तर म्हणाले, "मुद्द्यावर या." मी मुद्द्यावर आले तर म्हणाले, "हा मुद्दा नव्हे." शेवटी विचारलं, "नुकसान किती झालं?" म्हटलं, "तोंड गेलं." "किती रुपयांचं?" "रुपये नकोत. फोटो पाहिजे." "आजी, आकडा लिहिल्याशिवाय अर्ज दाखल होत नाही." "मग शून्य लिहा." चष्म्यावरून बघत म्हणाले, "शून्य नुकसान म्हणजे तक्रारच नाही. तुमच्या आईची किंमत शून्य लिहू का?" मी म्हटलं, "लिहून बघा." त्यांनी काहीतरी आकडा लिहिला. मी तो वाचला, पण माझ्या लक्षात राहिला नाही, राहावा असं वाटलंही नाही. मग प्रती. मंचाला तीन, सामनेवाल्याला एक, आपल्याला एक, त्यांनी सहा काढल्या. सामनेवाला म्हणजे दुकानदार, आणि मी तक्रारदार. प्रत्येक पानावर सही. सत्तरीला आलेल्या हातानं सहा वेळा तीन पानं. खाली प्रतिज्ञा होती, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. ते वाक्य मी नीट वाचलं. तेव्हा तो मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा होता.

मुलगा म्हणाला, "आई, एका फोटोसाठी कोर्ट?" म्हटलं, एकच होता म्हणून. सून मात्र प्रत्येक तारखेला न सांगता डबा भरून द्यायची, दशम्या आणि चटणी, पाण्याची बाटली. एकदा दारात थांबून म्हणाली, "आई, नाही गेलात तर नाही का चालणार?" मी म्हटलं, "तुला काय त्रास? सकाळचं घर रिकामं मिळतं." ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला तेव्हा नेहमीचंच वाटलं.

पहिल्या तारखेला सामनेवाला आला नाही. दुसऱ्या तारखेला अध्यक्ष रजेवर. मी त्यांना जज्जसाहेब म्हणत होते, पोस्टमास्तरांनी सांगितलं, जज्ज नव्हे, अध्यक्ष. तिसऱ्या तारखेला शिपायानं पुकारा केला आणि मी आत गेले. वर तिघं बसलेली, त्यात एक बाई. फ्रेम मी पिशवीतून नेली होती, ती त्यांच्या हातात दिली. अध्यक्षांनी बघितली, शेजारच्या साहेबांना दिली, त्यांनी बाईंना. बाई म्हणाल्या, "फोटो तर चांगला आलाय." म्हटलं, "तोच तर त्रास आहे." "या तुमच्या आई नाहीत का?" "आहेत." "मग?" "पण अशा नाहीत." बाईंनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे ओळखू येत नाहीत?" आता याला काय सांगायचं? ओळखू येतेस. नाक तुझं आहे, कान तुझे, पदर तुझा. बाहेरून आलेला माणूस बघून म्हणेल, हो, हीच ती. मी मान हलवली, ती हो होती की नाही हे माझं मलाच कळलं नाही. त्यांनी सामनेवाल्याच्या लेखी म्हणण्यासाठी पुढची तारीख दिली. बाहेर बाकावर एक बाई फ्रिजची केस घेऊन बसलेली. तिनं विचारलं, तुमचं काय? मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं बरंय, तुमचं चालू तरी आहे." मी बसमध्ये येईपर्यंत विचार करत होते, हिला नक्की काय कळलं.

चौथी तारीख परवा झाली. दुकानदार आला होता. मला बघून उठला आणि बाकावर जागा करून दिली. मी बसले नाही. मग त्याचं लेखी म्हणणं माझ्या हातात आलं, दोन पानं टाइप केलेली आणि त्याला जोडलेली एका चिठ्ठीची झेरॉक्स. आत बोलवायला वेळ होता. मी भिंतीला टेकून वाचायला लागले. मला वेळ लागतो, तुला माहीत आहे. त्यात लिहिलं होतं की तक्रारदारांनी ऑर्डर दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी तक्रारदारांचे चिरंजीव दुकानात आले व त्यांनी स्वहस्ते लेखी सूचना दिल्या, त्याप्रमाणे काम केले, व मूळ फोटो त्यांनी सही करून परत नेला. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. वाटलं, टाइप करणाऱ्यानं दुसऱ्या कोणाच्या केसचं घातलंय. मग चिठ्ठी बघितली. कुंकू. मंगळसूत्र. तोंडावरचे व कपाळावरचे डाग काढणे. चेहरा थोडा हसरा. खाली, मूळ फोटो मिळाला, आणि सही. ते अक्षर मी पाटीवर गिरवून घेतलंय. माझ्याकडे होत्या त्या तीन यत्ता मी त्याला शाळेआधीच दिल्या होत्या. झेरॉक्समध्येसुद्धा ओळखू येतं, ओळीच्या शेवटी तो हात वर उचलतो.

दुकानदार हळू म्हणाला, "आजी, मला खरंच माहीत नव्हतं. ऑपरेटर गेला तो. नोटीस आल्यावर सगळी खोकी शोधली तेव्हा चिठ्ठी सापडली." मी चिठ्ठीची घडी घातली. तो म्हणाला, "माझी मिसेस घाबरलीये. आमच्यावर कधी केस झाली नव्हती." पुकारा झाला. आत गेल्यावर तो उभा राहिला, हात पुढं बांधून, आणि तिघं त्याच्याकडे बघायला लागली. मी त्याला दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, चोर म्हटलं होतं. ते तुला वर सांगितलं नाही. चोर म्हटलं होतं. तक्रारीतही पोस्टमास्तरांनी त्याचंच जरा शुद्ध करून लिहिलं, आणि त्याच्या खाली माझी सही आहे. त्या दारासमोर वीस बायकांना उभं करणारा शेठ मला इतकी वर्षं राक्षस वाटत होता. त्यालाही कदाचित असंच वाटलं असेल, की आपला माल गेलाय, समोर ही माणसं आहेत, दुसरं कोण घेणार. त्याच्याही मनात आलं नसेल की मापाडी घरचाच आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पुढं केली. "आजी, हे अक्षर तुमच्या मुलाचं आहे का?" मी म्हटलं, "चष्मा आणला नाही." बाई म्हणाल्या, "चष्मा तर डोळ्यांवर आहे." म्हटलं, "हा लांबचा आहे." दुकानदार खाली बघायला लागला. आत्ताच बाहेर मी तोच चष्मा लावून दोन पानं वाचलेली त्यानं पाहिली होती. त्याला एक शब्द बोलता आला असता. बोलला नाही. अध्यक्ष म्हणाले, मुलाला पुढच्या तारखेला हजर ठेवा, अक्षराबद्दल शपथपत्र द्यायला सांगा. लिहून घेतलं, संपलं. आता मी हो म्हटलं तर माझा मुलगा तिघांसमोर खोटा. नाही म्हटलं तर ज्यानं काही केलं नाही तो खोटा, आणि तेही शपथेवर. आणि गप्प राहिले तर तारखा पडत राहतात, त्याचं दुकान बंद ठेवून तो येत राहतो, आणि मी दशम्या खात राहते. बसमध्ये एका पोरीनं उठून मला जागा दिली. मी तिला विचारलं, तुला कुठं उतरायचंय? ती म्हणाली, कर्वेनगर. मी म्हटलं, मलाही, आणि मग आठवलं की मी उलट्या बाजूच्या बसमध्ये बसलेय. दोघीही चुकीच्याच बसमध्ये चढलो होतो. मंडईपाशी उतरलो.

घरी मुलानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "तारीख पडली." तो म्हणाला, "मी आधीपासून सांगतोय, मागे घे." मी म्हटलं, "घेते. मागे घ्यायचा अर्ज तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." सुनेचे हात भाकरीवर थांबले. तो म्हणाला, "दूध आणतो." फ्रिजमध्ये दोन पिशव्या दूध होतं. तासाभरानं तिसरी घेऊन आला. परवापासून ताटात बघून जेवतोय.

आधी मला वाटलं, लाज वाटली असेल त्याला. मुलीच्या पैशाचं घर, तिच्या ऑफिसचे लोक येणार, आणि भिंतीवरून उघड्या कपाळाची, व्रणांच्या तोंडाची बाई सगळ्यांकडे रागानं बघतेय. वास्तुशांतीला विधवेचा फोटो नको, असंही कोणी सुचवलं असेल, त्याच्या सासरची माणसं आहेतच तसली. कुंकू आणि मंगळसूत्र मला कळतं. त्याचा राग कसा करायचा तेही मला येतं. पण त्या चिठ्ठीतली शेवटची ओळ मला कळत नाही. थोडा हसरा. ते काही कोणी सुचवण्यासारखं नाही. काल भांडी घासताना आठवलं, तू त्याला मांडीत घेऊन पायरीवर बसायचीस आणि त्याला काहीतरी सांगून हसवायचीस, आणि स्वतःही हसायचीस. मी चुलीपाशी असायची, तुझी पाठ माझ्याकडे. तुझं हसणं मी ऐकलंय, समोरून बघितलेलं मला आठवत नाही. माझ्याकडे तू बघायचीस ती त्या कॅमेऱ्याकडे बघितलंस तशीच. मी त्यालाच तुझं खरं तोंड धरून बसले आणि त्यासाठी एका माणसाला कोर्टात खेचलं. आठ वर्षांच्या पोराला तू गेल्यावर तुझं कुठलं तोंड आठवत असेल? त्यानं दुकानात जाऊन जे आठवलं तेच लिहून दिलं असेल तर? मग खोटं कुठलं, हे मला सांगता येत नाही. आणि मग त्यानं मला सांगितलं का नाही, आणि मूळ फोटोचं केलं काय? दोन्ही बाजूंनी विचार केला की डोकं दुखतं, आणि तिथली तिघं यातलं काही विचारणार नाहीत, ती फक्त अक्षर विचारणार.

हे तुला पाठवायचं कुठं, आणि पाठवलं तरी तू वाचणार कशी. घडी घालून ठेवेन. एक गोष्ट राहिली. वास्तुशांतीच्या सकाळी मी बाहेर आले आणि फ्रेम बघितली तेव्हा आधी मला राग आला नाही. आधी वाटलं, ही माझ्याकडे बघून हसतेय. पुरणाचा हात तसाच, मी उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही, आणि मीही जराशी हसले. राग त्याच्यानंतर आला. हे मी तक्रारीत लिहिलेलं नाही.

उद्या सकाळी अर्ज लिहायचाय. दुकानदारानं, त्याला सांगितलं होतं तसंच काम केलं, त्याचा दोष नाही, असं माझा मुलगा लिहील आणि मी सही करेन. ते लिहून झालं की मी त्याला समोर बसवून विचारणार आहे की फोटो कुठं आहे, आणि ते हसू त्यानं कशासाठी मागितलं, लाजेनं की आठवणीनं. तू त्याला पाठीशी घालायचं नाहीस, तुला ती खोड होती. आणि सुनेनंही मध्ये बोलायचं नाही, दूध आणायलाही कोणी जायचं नाही. विचारायचंय त्याला, उत्तर त्यानंच द्यायचं, माझ्या तोंडाकडे बघून.